दुर्बीण पुसू नका

पावसाळा सरून कोजागरी जवळ आली की आमच्या गारखेड्यातल्या घरी दुर्बिणी यायला लागतात. कुणी स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभी धरून आणतं, कुणी रिक्षात जुन्या चादरीत गुंडाळून. आणणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘मामा, हिच्यातून काही दिसेना झालंय.’ दुसरं वाक्य मात्र माझ्या पोटात गोळा आणतं. ‘चांगली घासूनपुसून बघितली, तरी!’

मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही. छत्रपती संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. लॅबमधल्या माणसाला आपल्याकडे पोरं मामाच म्हणतात. ते नाव घरापर्यंत आलं. स्पेक्ट्रोमीटर, लोलक, सूक्ष्मदर्शक, न्यूटनच्या रिंगांचं भिंग, ही सगळी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या घामेजल्या बोटांपासून जपणं हे माझं काम होतं. त्या कामात जे कळलं त्यावरच आजचं हे दुकान चालतं. दुकान म्हणजे पैसे नाहीत, चहा आमचाच.

जे कळलं ते थोडक्यात असं: दुर्बीण धुळीने खराब होत नाही. ती दोन गोष्टींनी खराब होते, मालकाच्या हातरुमालाने आणि मराठवाड्याच्या पावसाळ्याने.

हातरुमालाचं आधी. हल्ली हौशी लोकांकडे असते ती बहुतेक न्यूटनच्या पद्धतीची, म्हणजे आरशाची दुर्बीण. न्यूटनने १६६८ मध्ये पहिली बनवली, तिचा आरसा धातूचा होता. तांबं आणि कथील यांचा तो मिश्रधातू काळा पडायचा. काळा पडला की पुन्हा घासा, आणि घासला की आकार बिघडला, म्हणून पुन्हा आकार द्या. विल्यम हर्शेलसारख्या माणसाचं अर्धं आयुष्य आरसे घासण्यात गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये लिओन फूकोने काचेच्या आरशावर चांदीचा मुलामा चढवायला सुरुवात केली, आणि १९३० च्या दशकात चांदीच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आलं. निर्वात पेटीत काच ठेवून तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवतात. हा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा सुमारे सातशेवा हिस्सा. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, म्हणून तो खुशाल फडक्याने पुसता येतो. दुर्बिणीच्या आरशाचा मुलामा काचेच्या पुढे, उघडा असतो. त्यावर संरक्षक थर असतो खरा, पण तोही असाच झिरझिरीत.

आणि आपल्याकडची धूळ काय आहे? दळलेला काळा दगड. वेरूळ ज्यात कोरलं तोच हा बेसाल्ट, रस्त्याच्या खडीतून, मुरमातून, क्रशरमधून उडून गच्चीवर येतो. रुमाल फिरवला की हे कण आरशावरून फरफटत जातात. धुळीने भरलेला आरसा थोडासा प्रकाश अडवतो, बस. शनीची कडी त्यातूनही दिसतात. ओरखडे पडलेला आरसा मात्र प्रकाश भलतीकडे उधळतो, आणि तो ओरखडा कुणालाही भरून काढता येत नाही. मग नवा लेप हाच उपाय. लोक रात्री नळीत टॉर्च मारून बघतात आणि घाबरतात. टॉर्चच्या तिरप्या उजेडात कालचा कोरा आरसासुद्धा उकिरडा दिसतो. टॉर्च मारूच नये.

तरी दोन-तीन वर्षांनी एकदा आरसा धुवायची वेळ येते. ते मी कसं करतो ते नीट सांगतो, कारण नुकसान इथेच होतं.

हातातली अंगठी, घड्याळ, मनगटातला दोरा काढून ठेवायचा. आरसा बैठकीतून सोडवण्याआधी त्याच्या कडेला आणि बैठकीला पेन्सिलीने एकेक खूण करायची, म्हणजे परत बसवताना तो त्याच दिशेने बसेल. प्लास्टिकच्या टबात तळाशी जुना टॉवेल अंथरायचा, वर कोमट पाणी आणि भांड्यांच्या पातळ साबणाचे दोनच थेंब. आरसा तोंड वर करून त्यात बुडवायचा आणि वीसेक मिनिटं त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. निम्मी घाण आपली आपण सुटते. मग औषधी कापसाचा मोठा बोळा पाण्याखालीच आरशावर ठेवायचा आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने मधून कडेकडे ओढायचा. ओढताना बोळा हलकेच वर वळवत न्यायचा, म्हणजे उचललेले कण पुन्हा काचेला लागत नाहीत. एक ओढ झाली की बोळा फेकायचा, दुसरा घ्यायचा. बोटाने दाबायचं नाही, गोल गोल फिरवायचं नाही. कापसाचं अख्खं पाकीट संपतं, संपू द्यायचं.

खरी अडचण शेवटच्या पाण्याची. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे आता महाराष्ट्राला पाठ झालंय. घरोघरी बोअर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो. ते पाणी आरशावर सुकलं की क्षारांचे ठिपके उमटतात आणि ते काढायला पुन्हा घासणं आलं. म्हणून शेवटची धार डिस्टिल्ड वॉटरची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे मिळतं तेच, सीलबंद कॅन. मात्र दुकानात ‘बॅटरीचं पाणी द्या’ एवढंच म्हणून बाहेर पडू नका. तिथेच तशाच कॅनमध्ये बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं. लेबल स्वतः वाचा. धार दिल्यावर आरसा भिंतीला तिरका टेकवून, खाली टॉवेल ठेवून सावलीत सुकवायचा. राहिलेल्या एखाद्या थेंबाला टिश्यूचं टोक नुसतं टेकवायचं, थेंब वर चढतो. पंखा नको, कारण पंखा धूळ आणतो. ऊन तर नकोच नको. सहा इंची आरशाने एकवटलेलं ऊन वर्तमानपत्र पेटवू शकतं, आणि पडदाही.

डोळ्याजवळच्या भिंगाची, म्हणजे आयपीसची कथा वेगळी. त्याचा शत्रू तेल आणि, हसू नका, काजळ. कॉलनीतल्या लहान लेकरांना चंद्र दाखवला की दुसऱ्या दिवशी भिंगावर काळी कड हमखास असते. त्याला आधी रबरी फुग्याने हवा मारायची. मेडिकलमध्ये कान धुवायचा रबरी पंप मिळतो, तो कोरा चालतो. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे तुषार उडतात. मग मऊ कुंचला. त्याने भागलं नाही तरच आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कापसावर घेऊन, भिंगावर नव्हे. थेट टाकलेलं द्रव कडेने आत शिरतं आणि दोन भिंगांच्या मध्ये जाऊन बसतं. भिंगाच्या दुर्बिणीचं पुढचं मोठं भिंग तर उघडूच नये. ते दोन वेगळ्या काचांचं जोडभिंग असतं. एकदा सुटलं आणि उलटं किंवा फिरून बसलं की चंद्राला रंगीत झालर लागते आणि मालक म्हणतो, कंपनीचाच माल खराब.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर इथे आकाश ढगाळ असतं म्हणून दुर्बीण तिच्या मूळ पेटीत, फोममध्ये, कपाटाच्या वर जाते. दमट फोम, बंद अंधार आणि उबदार हवा मिळाली की बुरशीला आणखी काय लागतं? हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की भिंगावर कोळिष्टकासारखे बारीक धागे पसरतात. बुरशी आम्ल सोडते आणि ते आम्ल लेप खातं, शेवटी काचही. कोजागरीला माझ्याकडे येणाऱ्या भिंगांपैकी पुष्कळ याच दुखण्याची असतात. ताजी बुरशी अल्कोहोलने निघते. जुनी निघाली तरी तिचा नकाशा काचेवर उरतो.

आमच्या प्रयोगशाळेत यावर जुनी सोय होती. सूक्ष्मदर्शकांच्या सागवानी कपाटात खालच्या फळीवर पंधरा वॉटचा बल्ब पावसाळाभर जळत ठेवायचो. कपाटातली हवा बाहेरपेक्षा थोडी गरम राहिली की दमटपणा आपोआप उतरतो. आता तसले बल्ब मिळणं कठीण झालंय आणि एलईडी गरम होत नाही, त्यामुळे घरी मी दुसरा मार्ग धरला. स्वयंपाकघरात चिवडा ठेवतात तसा रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा. आत सिलिका जेलच्या कापडी पुरचुंड्या, सोबत एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहिला की झोप चांगली लागते. निळी सिलिका ओल शोषली की गुलाबी पडते. मंद आचेवर भाजली की पुन्हा निळी. पण तिच्यातला निळा रंग कोबाल्टचा, विषारी. त्यासाठी जुना तवा वेगळा काढा आणि त्यावर नंतर पोळ्या भाजू नका. नारिंगी सिलिका त्या मानाने बरी. द्विनेत्रीची चामड्याची पेटी शोकेसमध्ये शोभते तिथेच असू द्या, चामडं ओल धरून ठेवतं.

मोठी नळी डब्यात मावत नाही. तिची दोन्ही टोकं कापडी टोपीने बांधा, हवा खेळू द्या, पण भोक उघडं सोडू नका. आयपीस काढून ठेवला आणि त्या सव्वा इंची भोकाला टोपी लावली नाही, तर कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. एका शिक्षिकेच्या दुर्बिणीतून मी सुपारीएवढी मातीची गढी खरवडून काढली. आत माशीने पिल्लांसाठी भरून ठेवलेल्या कोळ्यांचा साठा होता. पालीची अंडी तर नेहमीचीच.

स्वस्त दुर्बिणींच्या सांध्यात एक चिकट ग्रीस भरलेलं असतं. थंडीत ते घट्ट होतं, मे महिन्यात वितळून भिंगाकडे सरकतं. ते रॉकेलच्या कापसाने पुसून काढून पातळ हात पांढऱ्या लिथियम ग्रीसचा दिला की काम झालं. एवढं पुरे.

‘काही दिसेना’ची आणखी एक जात आहे, तिचा धुळीशी संबंधच नाही. बीड बायपासवरच्या खड्ड्यांतून स्कूटरवर आलेल्या दुर्बिणीचे आरसे एका रेषेत राहत नाहीत. मालक काच पुसत बसतो आणि दोष स्क्रूचा असतो. आयपीसच्या प्लास्टिकच्या टोपीला बरोबर मधोमध दोन मिलिमीटरचं भोक पाडा, ती आयपीसच्या जागी बसवा आणि दिवसा भिंतीकडे तोंड करून आत बघा. फायलीतल्या पानांच्या भोकांना लावतात ती गोल चिकट रिंग मोठ्या आरशाच्या अचूक मध्यावर लावलेली असली की काम सोपं. मधला भाग तसाही छोट्या आरशाच्या सावलीत असतो, त्यामुळे रिंगेने काही बिघडत नाही. सगळी वर्तुळं एकाच्या पोटात एक दिसेपर्यंत मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर गुरूचे पट्टे पहिल्यांदा दिसल्यावर माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि गच्ची. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकतो, वरची हवा थरथरते आणि चंद्र पाण्याखाली असल्यासारखा हलतो. मे महिन्यात मी दिवेलागणीलाच गच्चीवर पाणी शिंपडतो, पाणी असेल तर. आरसाही घरातल्या तापमानाला आलेला असतो, त्याला बाहेर थंड व्हायला तासभर द्यावा लागतो. जुन्या संगणकातला बारा व्होल्टचा पंखा आरशाच्या मागे रबराच्या चार पट्ट्यांवर लटकवला की तो वेळ निम्म्यावर येतो. हिवाळ्यात दव पडतं, त्याला योगाच्या जुन्या चटईची नळी करून पुढे लावा. पडलेलं दव पुसायचं नसतं, सुकवायचं असतं.

सूर्याबद्दल एकच सांगतो आणि ते आवाज चढवून सांगतो. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यास्ताच्या वेळचं खंडग्रास ग्रहण आपल्याकडून दिसलं. तेव्हा लोक एक्स-रेची फिल्म घेऊन गच्चीवर उभे होते. एक्स-रे नको, काजळी धरलेली काच नको, आयपीसला लावायचा छोटा सौर फिल्टर तर मुळीच नको. तो उष्णतेने तडकतो आणि त्यामागे डोळा असतो. फिल्टर लागतो तो नळीच्या पुढच्या तोंडाला, आणि खास सूर्यासाठी बनवलेल्या फिल्मचा. त्याची पुठ्ठ्याची कडी घरी बनवता येते. फिल्म दरवेळी दिव्यासमोर धरून टाचणीएवढं भोक तरी पडलं नाही ना ते बघायचं. बाजूची छोटी शोधक दुर्बीण झाकायला लोक विसरतात. ती काढूनच ठेवा.

सूर्याचंच एक बिनभांडवली काम आहे. आपलं शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला १९.९ अंशांवर. त्यामुळे मे महिन्याच्या १९-२० तारखेला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच गडप होते. जुलैतही एकदा असं होतं, पण तेव्हा वर ढग. एमजीएमच्या आवारातलं ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचं अंतराळ विज्ञान केंद्र अशा दिवसांची माहिती लोकांपर्यंत पोचवतं. पाइपचा एक सरळ तुकडा ओळंब्याने उभा करून गच्चीवर ठेवायचा. ही घटना बाराला घडत नाही, साडेबाराच्या चार-पाच मिनिटं आधी घडते. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि शहर ७५.३ वर, म्हणजे जवळपास २९ मिनिटांचा फरक. त्यात मे महिन्यात सूर्य तीन-चार मिनिटं पुढे चालत असतो. शाळेतल्या पोरांना हे गणित फळ्यावर कधी पटत नाही, पाइपजवळ पटतं. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्रांचा स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात यंत्रांची यादी देऊन झाल्यावर त्यांनी सर्वांत मान दिला तो धीयंत्राला, म्हणजे हातात धरायच्या साध्या काठीला. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला काढलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख कन्नडच्या घाटापलीकडे पाटणादेवीला सापडला. आपल्या दारातली गोष्ट आहे ही, म्हणून सांगितली.

रात्रीसाठीही असंच स्वस्त काम आहे, बिजागरीचा ट्रॅकर. पृथ्वी फिरते म्हणून कॅमेरा मिनिटभर उघडा ठेवला की तारे रेघा होतात. दोन फळ्या एका चांगल्या, न डुगडुगणाऱ्या बिजागरीने जोडा. बिजागरीच्या अक्षापासून २२८.६ मिलिमीटरवर सहा एमएमचा बोल्ट बसवा. त्याचे आटे एक मिलिमीटर अंतरावर असतात. मिनिटाला बरोबर एक फेरा दिला की वरची फळी पृथ्वीच्याच वेगाने, मिनिटाला पाव अंश, उघडत जाते. मोटर नको, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत हाताने फिरवलं तरी पाच-दहा मिनिटं तारे जागेवर राहतात. बिजागरीची रेघ ध्रुवाकडे रोखायची. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून दोन मुठी. फळीखाली वीस अंशांची पाचर सुताराकडून एकदाच कापून घ्यायची. पुण्याला साडेअठराची लागेल, नागपूरला एकवीसची. युरोप-अमेरिकेसाठी बनलेल्या तिवया आपल्याकडे कुरकुरतात त्या याचमुळे. ध्रुव इतका खाली आला की समतोलाच्या वजनाचा दांडा तिवईच्या पायाला थडकतो. हा ट्रॅकर आणि साधा कॅमेरा घेऊन अमावास्येला म्हैसमाळला गेलं, की मृगातला तेजोमेघ गुलाबी उमटतो. शहरातून आता ते जमत नाही. जालना रोड, चिकलठाणा, शेंद्रा, तिकडचं आकाश रात्रभर पिवळं असतं.

दुर्बीण विकतच घ्यावी लागते, हा समज मला मोडायचा आहे. ज्याने तो जगभर मोडला तो अमेरिकेतला एक संन्यासी होता. जॉन डॉब्सन, जन्म १९१५ चा, बीजिंगमधला. १९४४ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या, म्हणजे आपल्या रामकृष्ण परंपरेच्याच मठात दाखल झाला. मठात पैसा नाही, म्हणून जहाजाच्या खिडकीची जाड गोल काच घासून त्याने आरसा केला. दुर्बिणींच्या नादात मठाची कामं राहतात म्हणून १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला आणि १९६८ मध्ये त्याने मित्रांसोबत फूटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवायची चळवळ सुरू केली. त्याच्या बैठकीत ना गिअर, ना मोटर. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी, टेफ्लॉनचे तुकडे. त्यातली खुबी अशी की टेफ्लॉनवर खरबरीत सनमायका ठेवला, तर सरकायला लागताना आणि सरकत असताना जवळपास सारखाच जोर लागतो, त्यामुळे नळी झटका न देता एका बोटाने हलते आणि सोडली तिथे थांबते.

यातलं आपल्या शहरात काय मिळत नाही? प्लायवूड आणि सनमायका कुठल्याही फर्निचरवाल्याकडे उरलेला मिळतो. नळीसाठी शेतीच्या पाइपलाइनचा आठ इंची पीव्हीसी पाइप, किंवा कारखान्यात प्लास्टिक फिल्मचे रोल ज्यावर येतात त्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या. आतून फळ्याचा काळा रंग, त्यात थोडा लाकडाचा भुसा मिसळून, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होऊन चमक मरते. पीव्हीसी मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर सोडू नका, ती वाकते. आणि वाळूज! १९८५ मध्ये तिथे बजाजचा कारखाना आला, त्यामागून सुट्या भागांचे लहान लहान उद्योग, लेथ, टूलरूम. जिथे दिवसरात्र मायक्रॉनची भाषा चालते तिथे टेफ्लॉनचा तुकडा भंगारात पडलेला असतो आणि नायलॉनच्या रॉडमधून ३१.७ मिलिमीटरचं आयपीस बसेल अशी नळी कुणीही टर्नर कातून देतो.

उरला आरसा. तोही घासता येतो. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना १९४४ ची, मुंबईचं खगोल मंडळ १९८५ चं. हौशी लोकांची ही परंपरा जुनी आहे. पुण्यात आयुकामध्ये अरविंद परांजपे यांनी दुर्बीण बनवण्याच्या ज्या कार्यशाळा घेतल्या, त्यांतून कितीतरी शिक्षक आणि विद्यार्थी स्वतःच्या हाताने आरसा घासून घरी गेले. काचेच्या दोन सारख्या चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. खालची चकती पिंपावर पक्की बसवायची, वरची पुढेमागे घासत पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. सहा इंची, चार फूट नाभीय अंतराच्या आरशाला मधोमध खोली लागते जेमतेम १.२ मिलिमीटर. पूड ८० नंबरपासून बारीक बारीक करत न्यायची आणि प्रत्येक नंबरानंतर सगळं धुऊन काढायचं, अगदी नखांतलंसुद्धा; जाड पुडीचा एक कण बारीक पुडीत आला की मागे जा. शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. राळ उन्हाळ्यात मऊ पडते आणि काचेच्या कडा खाली घालते, म्हणून हे काम आपल्याकडे दिवाळी ते होळी.

वाळूजला टर्नर असलेला माझा एक शेजारी सध्या हे करतोय. पॉलिशवर आल्यावर मी त्याला फूकोची परीक्षा दाखवली. आरसा एका टोकाला उभा, आठ फुटांवर एलईडीपुढे टाचणीचं भोक आणि शेजारी दाढीचं ब्लेड. भोकाचा प्रकाश आरशावरून परत येऊन जिथे बिंदू होतो तिथे ब्लेड आडवं सरकवायचं आणि त्याच्या कडेवरून डोळ्याने आरसा बघायचा. आरशावर डोंगर-दऱ्यांच्या सावल्या उमटतात आणि मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या हिश्शाचा उंचवटाही दिसतो. मी त्याला म्हटलं, काचेच्या काठाजवळ अंगठा टेकव, दहा आकडे मोज आणि परत येऊन बघ. आल्यावर त्याला आरशावर अंगठ्याएवढी टेकडी दिसली, अंगठ्याच्या उष्णतेने फुगलेली. ती हळूहळू विरली.

‘मामा,’ तो म्हणाला, ‘आमच्याकडे दहा मायक्रॉनला शाबासकी मिळते. इथं किती चालतं?’

मी सांगितलं, मायक्रॉनचा साधारण चौदावा हिस्सा. त्याने ब्लेडचा स्टँड उचलला, त्याच्या सरकपट्टीचा खुळखुळा तपासला, आणि ही पट्टी टाकून द्या म्हणाला. कारखान्यात जुन्या मायक्रोमीटरचा स्क्रू पडलाय, सायबाला विचारून आणतो. तो बसला की येत्या रविवारी आरशाच्या कडेचं माप नव्याने घ्यायचं आहे. कड अजून थोडी खाली आहे.